राखाडी डबीला कुंकू

खंडेनवमीच्या सकाळी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन जर्मन कंपनीच्या सीलबंद डबीचं झाकण उघडलं आणि आतल्या सर्किटच्या हिरव्या पट्टीला हळदकुंकू लावलं. आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना कोणी मध्ये तोंड घालणार नाही. तेव्हा मी तरुण होते, जेमतेम बासष्ट वर्षांची. त्या वयात बाईला आपल्याला सगळं कळतं असं वाटतं.

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा आहे. पितळेचे आणि स्टीलचे छोटे सुटे भाग बनवायचे, मोजायचे, पेट्यांत भरून पाठवायचे, हा धंदा. नवरा गेल्यापासून सून आणि मी मिळून तो चालवतो. मुलगा नोकरी करतो. त्याला मशीनच्या तेलाचा वास सोसत नाही. खरं तर मलाही सोसत नव्हता. लग्न होऊन पार्ल्याहून आले, तेव्हा नाकाला पदर लावून गाळ्यात पाऊल टाकलं होतं आणि नवऱ्याला विचारलं होतं, "इथे एखादं पुस्तकांचं कपाट ठेवता येईल का हो?" बी.ए. झालेली पार्ल्याची पोर, काय तो तोरा! कपाट आलं. त्यात आजतागायत ड्रिल बिट आहेत.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जर्मनीतलं. आमचे भाग त्यांच्या पंपांत बसतात आणि ते पंप तिकडच्या गावांना पाणी पुरवतात. पूर्वी मालाच्या पेटीत मापांचा एक कागद टाकला की काम भागायचं. मग तिकडे सगळा कारभार डिजिटल करायचं ठरलं. त्यांच्याकडे वीज महाग, माणसं कमी, आणि जगभरचा स्वस्त माल उंबऱ्यावर येऊन उभा. टिकायचं तर कुठल्या मशीनवर काय चाललंय ते घरबसल्या दिसायला हवं. म्हणून त्यांनी आमच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनला लावायला एक राखाडी डबी पाठवली. भाग तयार झाला की त्याचं माप डबी तिकडे कळवणार. मशीन किती तापलं, किती थरथरलं, तेही कळवणार. माल बोटीवर चढायच्या आधी त्याची कुंडली युरोपात पोचलेली.

डबी बसवायला आलेल्या माणसाने सुनेला बजावलं होतं की हिला कोणीही हात लावायचा नाही. सुनेने मला बजावलं. आता, घरात एखाद्या वस्तूला हात लावू नका असं मला सांगणं म्हणजे काय, हे तिला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

आणि मग खंडेनवमी आली. आमच्या वसाहतीत त्या दिवशी मशीन चालत नाहीत. सगळी धुवायची, पुसायची, झेंडूच्या माळा घालायच्या, मेन स्विच बंद करायचा, नारळ फोडायचा. वर्षभर राबणाऱ्या लोखंडाला एक दिवस विश्रांती. सून सकाळीच अंधेरीला एका गिऱ्हाइकाकडे गेली होती. गाळ्यात मी, कामगार आणि आमचे सगळ्यात जुने टर्नर मामा. मामा मालवणचे, नवऱ्याच्या आधीपासून गाळ्यातल्या लेथवर उभे आहेत.

मेन स्विच बंद केला. सगळं शांत झालं. आणि पाहते तर डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकतोय! तिच्या पोटात स्वतःची बॅटरी होती, हे मला काय माहीत. मला वाटलं, सगळी मंडळी डोळे मिटून पूजेला बसलीत आणि ही एकटी टकामका बघतेय. तिलाही कुंकू लावलं पाहिजे. पण वर प्लास्टिक. प्लास्टिकला कसलं कुंकू लावायचं? ते तर तिच्या अंगावरचं कापड. म्हणून मी सील फाडलं, चार स्क्रू काढले आणि आतल्या हिरव्या पट्टीला मनोभावे बोट टेकवलं. त्या बासष्ट वर्षांच्या पोरीला अक्कल कमी असेल, पण भक्तीत खोट नव्हती.

"वयनीनू," मामा म्हणाले, "दिवो तांबडो झालो."

"झाला तर झाला. कुंकवाचा रंग आहे."

"माका वाटला देवी पावली," मामा म्हणाले आणि पेढ्यांच्या खोक्याकडे वळले.

देवी पावायच्या आधी सुनेचा फोन आला. "आई, डबीला कोणी हात लावलाय?"

"हात नाही लावला. बोट लावलं."

मग ती इतकंच म्हणाली, "वाट लागली."

ती अंधेरीहून परत आली तेव्हा तिने नीट समजावलं. मशीन न कळवता बंद झालं की डबी तिकडे कुरकुर करते, आणि झाकण उघडलं की ओरडते, कोणीतरी मला फोडतंय. ओरड पोचल्याबरोबर त्यांच्या यंत्रणेने आमच्यासाठी सगळी दारं बंद केली होती. नवी ड्रॉइंग दिसेनात, ऑर्डरी दिसेनात. बंदरात पोचलेल्या मालाची मापं त्यांनी अडवून ठेवली. मापांशिवाय माल घेणार नाहीत. दुपारी त्यांची बैठक होती. त्यात ठरणार होतं की आम्हाला पुन्हा आत घ्यायचं की काम दुसऱ्या कोणाला द्यायचं. ते काम गेलं असतं तर गाळा चालला नसता. गाळ्यातले कामगार, मामा, सगळेच घरी.

"एवढ्याशा डबीवरून?" मी विचारलं.

"आई, त्यांच्याकडे मागे असंच झालं होतं. एका लहानशा पुरवठादाराच्या मशीनमधून चोर त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरले आणि अख्खा कारखाना बंद पडला. त्यांचे पंप पाण्याचे आहेत. उद्या कोणी पाण्यात घुसलं तर?"

ते मला पटलं. आमच्या वसाहतीत एकाने गॅलरीची जाळी उघडी ठेवली तर चोर सगळ्यांच्या छपरांवरून फिरतो. तसंच ते. म्हणजे तिकडच्या एखाद्या आजीच्या नळाची सुरक्षितता चारकोपच्या या आजीच्या स्क्रूड्रायव्हरवर येऊन थांबली होती. मला जरा मोठं झाल्यासारखंही वाटलं. खोटं कशाला बोलू?

पण मग सुनेने लॅपटॉपवर लिहिलेला खुलासा वाचून दाखवला. एक अनधिकृत वयस्क व्यक्ती उत्पादन विभागात शिरली, तिने अजाणतेपणी उपकरण हाताळलं, यापुढे त्या व्यक्तीला आत प्रवेश दिला जाणार नाही.

"कोण ही व्यक्ती?" मी विचारलं.

"आई, प्लीज."

"नाही, सांग ना. गाळ्याची किल्ली कोणाच्या कमरेला आहे? सकाळी शटर कोण उघडतं? अनधिकृत मी?"

"तुम्ही समजून घ्या. बाहेरच्या कोणीतरी चूक केली असं म्हटलं तर ते माफ करतील. मालकिणीनेच सील फाडलं म्हटलं तर म्हणतील, यांचा काय भरवसा? मी तुम्हाला कमी लेखत नाहीये. मी ऑर्डर वाचवतेय."

तिचं बरोबर होतं, हीच तर पंचाईत. खोटं बोललं तर गाळा वाचतो आणि मी बाहेर. खरं बोललं तर मी आत, पण गाळाच राहील की नाही, नक्की नाही. मी लेथजवळच्या स्टुलावर बसले. मामा ऐकत होते. त्यांच्याकडे बघितलं तर ते म्हणाले, "माझ्याकडे काय बघतास? माका पेन्शन नाय." म्हणजे बोल, पण गाळा बुडवू नकोस.

बैठकीला सून बसली, तिच्या शेजारी मी खुर्ची ओढली. तिने डोळ्यांनी नको नको केलं. पडद्यावर तिघं होती. बोलत होती ती त्यांच्या सुरक्षा विभागातली बाई. केस पिकलेले, साधारण माझ्याच वयाची असावी. तिला बघून मला धीर आला. सून खुलासा वाचायला लागली, "ॲन अनऑथराइज्ड..." आणि मी तिथेच तिच्या हातावर हात ठेवला.

"मी उघडली," मी माझ्या पार्ल्याच्या कॉलेजातल्या इंग्रजीत म्हटलं. "मी इथली भागीदार आहे. मला अनधिकृत म्हणू नका."

बाईने विचारलं, का उघडली. मी पूजा सांगितली, विश्रांतीचा दिवस सांगितला, कुंकू सांगितलं. तिघांपैकी एकजण हसला. बाई हसली नाही.

"मला समजलं," ती म्हणाली. "पण उद्या तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणी झाकण उघडलं, तर ती पूजा होती की चोरी, हे आम्हाला इथे बसून कसं कळणार?"

प्रश्न चोख होता. सून टेबलाखालून माझा पदर ओढत होती, आता माफी मागा म्हणून. माफी जिभेवर आलीही होती. मग मला आठवलं की नाताळात यांचा कारखाना बंद असतो, आमचं त्यांचं काम बंद असतं, आणि तेव्हा डबी मुळीच कुरकुर करत नाही. का, तर त्यांची सुट्टी तिच्या पोटात भरलेली आहे.

"नाही कळणार," मी म्हटलं. "म्हणून तुम्ही दार बंद केलंत ते योग्यच केलंत. माझ्या घरी असं झालं असतं तर मीही कडी लावली असती. डबी उघडली ही माझी चूक, सील फाडलं हीही माझी चूक. पण कडी लावल्यावर विचारणार कोणाला? तुमच्याकडे एकच नाव आहे, माझ्या सुनेचं, आणि ती होती अंधेरीला. गाळ्यात होते मी. माझं नाव तुमच्याकडे नाहीच. तुमच्या नाताळाची सुट्टी डबीला माहीत आहे, आमच्या खंडेनवमीची नाही. तुम्हाला आमच्या मशीनचा ताप कळतो, थरथर कळते. ते मशीन कोण चालवतं, कधी थांबवतं, हे कधी कोणी विचारलंय? अनोळखी मी नाही. तुम्ही माझी ओळखच करून घेतली नाही. पुढच्या वर्षीही मी मशीन बंद करणार. तुम्हाला आधी सांगून बंद करीन, डबीच्या झाकणाला हात लावणार नाही. पण बंद करणार."

बोलून झाल्यावर मी सुनेच्या हातातून माझा पदर सोडवून घेतला.

पडद्यावर ती तिघं आपसात त्यांच्या भाषेत बोलायला लागली. बराच वेळ बोलली. मामा दारात उभे राहून पेढा खात होते. शेवटी बाई म्हणाली की नवी डबी पाठवतील, तोवर मापं जुन्या पद्धतीने कागदावर चालतील, आणि बंदरातला माल तपासून घेतील. सुट्टी यंत्रणेत घालतील आणि फोन करायच्या नावांत माझंही नाव घालतील. पण गाळ्यात जी जी व्यक्ती मशीनजवळ जाते तिला त्यांचा सुरक्षेचा अभ्यास करून परीक्षा द्यावी लागेल. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हालाही. नापास झालात तर आत जायचं नाही."

"चालेल," मी म्हटलं. नापास व्हायची मला सवय नव्हती. पार्ल्याचा तोरा अजून थोडा शिल्लक होता.

पहिल्या वेळी मी नापास झाले. एक प्रश्न असा होता की अनोळखी पाहुणा आला आणि त्याने मशीनच्या कॉम्प्युटरला आपला फोन चार्जिंगला लावायला मागितला, तर तुम्ही प्रथम काय कराल? मी लिहिलं, बसा म्हणेन आणि चहा विचारीन. मामा पहिल्याच झटक्यात पास झाले आणि वसाहतभर सांगत सुटले. सुनेने मला दुपारी शिकवायला सुरुवात केली. मी तिच्याशी भांडले, पासवर्ड पाठ केले, विसरले, पुन्हा पाठ केले. ती एकदाही मला व्यक्ती म्हणाली नाही. मी मात्र तिला दोनदा "हो मॅडम" म्हटलं, चिडवायला.

दुसऱ्या वेळी पास झाले. फोनवर संदेश आला, माझं नाव, हुद्दा, आणि पुढे अधिकृत. मी तो मोठ्याने वाचला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मामांनी लेथ बंद करून टाळी वाजवली. सून मात्र टेबलावरून उठलीही नाही. चष्मा पुसत माझ्याकडे बघून ती म्हणाली:

"अभिनंदन, आई. आता यापुढे काही बिघडलं तर त्यांचा फोन मला येणार नाही, तुम्हाला येणार. आणि मी अंधेरीलाच असणार."