प्रत्येक पानावर माझं नाव

'नवोदित' हा शब्द मला कधीच आवडला नाही. पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला नवोदित म्हणायचं म्हणजे थट्टाच की हो! पण पुण्याच्या एका प्रकाशनाने, ज्यांचं एकही पुस्तक छापून आलेलं नाही अशा नवोदितांसाठी कादंबरी स्पर्धा जाहीर केली, आणि मी मुकाट्याने नवोदित झालो. सहा वर्षं लिहिलेली कादंबरी लॅपटॉपमध्ये पडून होती.

जाहिरात दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली होती. तिच्याखाली लगेच अंगठ्यांची रांग लागली. हे आमचे साहित्यप्रेमी. महिन्यातून एकदा ओल्ड एअरपोर्ट भागात कुणाच्या तरी हॉलमध्ये साहित्यकट्टा भरतो, आणि साबुदाणा वडे संपेपर्यंत सगळे रसिक असतात. एक इंजिनियर दर वेळी आईवरची तीच कविता वाचतात आणि दर वेळी त्याच ओळीला रडतात. मी एकदा माझं पहिलं प्रकरण वाचलं. "छान, छान" झालं आणि पुढच्या मिनिटाला चर्चा शाळेच्या बसवर गेली. निघताना एकाने तेलकट हाताने माझी पाठ थोपटली. "लिहीत राहा हं!" लिहीत राहा म्हणे. मी काय याच्या परवानगीसाठी थांबलो होतो?

घरीही उजेडच होता. "वाचेन ना, पण सुट्टीत, शांतपणे," असं बायको म्हणायची. अशा तीन सुट्ट्या नाशिकला जाऊन आल्या. मुलीला मराठी समजतं, पण ती उत्तर इंग्रजीतच देते. तिने एवढंच विचारलं, "बाबा, इज इट लाँग?"

खोटं कशाला बोलू, बक्षीस मला हवंच होतं. पण त्याहून जास्त हवा होता एक माणूस. मला न ओळखणारा, माझ्या घरचा वडा न खाल्लेला, वाचून खरं ते तोंडावर सांगणारा. एवढ्यासाठीच मी ती कादंबरी पाठवली. तीत दोह्याबाहेरच्या उम्म सलाल मोहम्मद या गावातल्या एका घरात अकरा मराठी माणसं दाटीवाटीने राहतात. बायको यायच्या आधी मीही तसाच राहिलो होतो.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे प्रकल्पाचा एकही कागद माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. ड्रॉइंग बरोबर की चूक हे मला कळत नाही, कळायची गरजही नाही. पानाच्या डोक्यावर कंपनीचं नाव, कागदाचा नंबर, कितवी आवृत्ती, किती पानांपैकी कितवं पान, एवढं मी बघतो. एक जरी राहिलं की परत. ठेकेदारांची पोरं गयावया करतात, "सर, फक्त एका पानावर राहिलंय, इन्शाल्ला उद्या देतो." मी म्हणतो, खलास, उद्याच या. या कामात माझा दरारा आहे आणि मला त्याचा अभिमान होता.

स्पर्धेचा नियम साधा होता. परीक्षकांना लेखक कोण हे कळू नये, म्हणून नाव वेगळ्या कागदावर द्यायचं, कादंबरीत कुठेही नाही. मी नियम तीनदा वाचला. पहिल्या पानावरून नाव काढलं, शेवटच्या पानावरून काढलं, मनोगतच काढून टाकलं. बायकोला म्हणालोसुद्धा, "बघ, निम्मे लोक इथेच गळतील. वाचता येत नाही, आणि निघालेत कादंबऱ्या लिहायला."

पाच आठवड्यांनी मेल आली. दोन ओळी. आपल्या संहितेच्या प्रत्येक पानावर लेखकाचे नाव असल्याने प्रवेशिका बाद करण्यात येत आहे.

हे कसं शक्य आहे, म्हणून मी फाइल उघडली. तीनशे बारा पानं. प्रत्येकाच्या डोक्यावर माझं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, शेजारी आवृत्ती सात, आणि तीनशे बारापैकी कितवं पान ते. ऑफिसच्या सवयीने सहा वर्षांपूर्वी मीच तसा साचा केला होता. दिवसभर पानांची डोकी तपासणाऱ्या मला माझ्या पानांची डोकी दिसलीच नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण चूक कबूल करेन तो मी कसला! संध्याकाळपर्यंत मी त्या प्रकाशनाचा उद्धार करत होतो. नावाला एवढे घाबरतात ते कसले परीक्षक? यांना कादंबरी नकोय, कोरा कागद हवाय! बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, मग काय करायला हवं होतं त्यांनी?" मला खरं तर रागापेक्षा वाईट वाटत होतं. इतकं करून पुन्हा कोणीच वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून, एसी लावून, मी पुण्याला फोन केला. चार झणझणीत वाक्यं तयार होती. उचलणारा वयस्कर माणूस होता. मी पहिलं वाक्य झाडल्यावर शांतपणे म्हणाला, "बाद मीच केली, साहेब. नियम तपासायला दोन पानं पुरतात. तुमची मी एकशे दहा वाचली."

उरलेली तीन वाक्यं मी विसरलो. "कशी वाटली?" मी विचारलं.

"खरं सांगू? लिहिता येतं तुम्हाला. पण त्या घरातला एकही माणूस तुम्हाला आवडत नाही. हा घोरतो, तो चोरून खातो, तिसरा बायकोला फोनवर थापा मारतो. आधी हसलो, मग कंटाळलो. ती डबे देणारी कोकणातली बाई तेवढी खरी वाटली. तर तिला तुम्ही दोन ओळींत मारून टाकलीत. तिथे मी थांबलो."

"कथानकाची गरज होती," मी म्हणालो.

"असेल. कोण होती ती?"

रागाने फोन ठेवायला हवा होता, पण ठेवला नाही. म्हणालो, आमच्या शेजारी राहायची. नवरा पोर्टवर कामाला होता. दोन वर्षं तिने मला जेवू घातलं. मी तापाने पडलो तर डब्यात पेज आणि वर लोणच्याची फोड यायची. ती इथेच गेली. तिचा देह गावी पाठवायचा होता त्या दिवशी घरातले बाकीचे दहाही जण सुट्टी टाकून गेले. घोरणारा, चोरून खाणारा, सगळे. मी गेलो नाही. डबेवालीसाठी साहेबाकडे सुट्टी काय मागायची, लोक हसतील, असं मला वाटलं.

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

पलीकडून तो म्हणाला, "हे नाही लिहिलंत तुम्ही."