शेंडे खुडून ठेव

आईनं माझं डोकं फोडलं होतं. खुरप्याच्या मुठीनं. तीन टाके पडले.

आज सकाळी ती गेली. गोड गोड लिहिलं तर तीच आधी भडकेल, म्हणून जे झालं ते लिहितेय.

मी तेव्हा नऊ वर्षांची. दिल्लीचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडाच्या नव्या सोसायटीत आलो होतो. बाबांना प्रायव्हेट कंपनीत जॉब लागला होता. घरात रंगीत टीव्ही आला, नळाला पाणी मात्र आलं नव्हतं.

खिडकीखाली खाटेएवढी जमीन. ती आईची.

बिल्डरची माणसं तिथे रेती टाकायला आली, तर तिनं वीट उचलली. "एक मुट्ठी भी गिरी ना, तो सिर फोड़ दूँगी!"

ट्रक मुकाट्यानं परत गेला.

ती एवढी भांडली, कारण त्या जमिनीत तिला मावशीच्या कॉसमॉसची फुलझाडं लावायची होती.

मावशी वर्ध्याला. तिचा नवरा मारायचा. शेजारणींनी विचारलं की म्हणायची, "पडले." एक दिवस मारलं ते ती उठलीच नाही.

आई मयतीला गेली. सगळ्यांसमोर त्याला चपलेनं बडवलं. आणि मावशीच्या अंगणातल्या वाळक्या कॉसमॉसचं बी रुमालात बांधून परत आली. बहिणीचं तेवढंच तिच्या हाती लागलं.

सप्टेंबर संपताना तिनं ते पेरलं. मी शेणखत टाकायला गेले तर ओरडली, "खत नको! माजतात. नुसती पानं येतात मग."

शेपूसारखी रोपं वर आली. ऑफिसची चार्टर्ड बस पकडायच्या आधी ती रोज वाकून त्यांच्याशी बोलायची. मावशीशी बोलायची तसंच.

रोपं वीतभर झाली. माझ्या शाळेला सुट्टी होती. बसचा हॉर्न वाजला आणि धावता धावता ती म्हणाली, "शेंडे खुडून ठेव गं सगळे. छान फुटतात मग."

दिल्लीत वाढलेली मी. 'खुडणं' हा शब्द माझ्याकडे नव्हताच.

मी ऐकलं, खोदून ठेव. शेंडे म्हणजे ही रोपंच असणार.

सगळी खोदून ठेवली. मुळांसकट. कुंपणावर ओळीनं, उन्हात. आई खूश होईल म्हणून.

संध्याकाळी ती आली. बघितलं. पर्स तिथेच पडली.

माझ्या हातातलं खुरपं हिसकावून तिनं मारलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा रक्त डोळ्यात उतरलं आणि मी किंचाळले, "तूच बोललीस ना, खोदून ठेव!"

ती थांबली.

"खुडून म्हटलं गं," एवढंच म्हणाली.

मग मला उचलून क्लिनिकला पळाली. डॉक्टरांनी विचारलं, "कैसे लगी, बेटा?"

मी म्हटलं, "गिर गई थी."

मला वाटलं, मी तिला वाचवतेय.

आईचा तो चेहरा मी विसरणार नाही. मावशीचा शब्द तिनं माझ्या तोंडून ऐकला होता.

"नहीं डॉक्टर साहब. गिरी नहीं है. मैंने मारा है."

बाकावरचे सगळे पेशंट वळून बघायला लागले. ती पुन्हा तेच म्हणाली. आणखी मोठ्यानं.

त्यानंतर तिनं माझ्यावर कधी हात उचलला नाही. सॉरीही म्हणाली नाही. जीभ मात्र शेवटपर्यंत चालली.

उपटलेली तिनं परत लावली, त्यातली दोन रोपं जगली. ती वाढल्यावर तिनं माझं बोट धरून, माझ्याच नखानं शेंडा तोडला. "हे खुडणं. कळलं?"

त्याच दोन रोपांचं बी आज माझ्या गुडगावच्या बाल्कनीत उगवलंय.

माफ केलं का तिला? काही दिवस हो. काही दिवस बिल्कुल नाही.

सासरी, ऑफिसात, कपाळावरच्या खुणेबद्दल मी आजवर "पडले होते" असंच सांगत आले. तिच्या माघारी.

आज स्मशानातून आल्यावर मुलीनं विचारलं, "मम्मा, हे कसं लागलं होतं?"

म्हटलं, "आजीनं मारलं होतं. आणि डॉक्टरांना खरं सांगितलं, तेही आजीनंच."

आई, या वर्षीचे शेंडे खुडून ठेवलेत.

जयभीम.