वडिलांच्या मापाची खुर्ची

१९३३ साली, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, आमच्या घरी खुर्ची आली. सागवानाची, वेताने विणलेली, दोन्ही बाजूंना हात असलेली. गावातली ती दुसरी. पहिली पाटलांकडे होती.

गाव इंझोरीपासून दोन कोसांवर. तेव्हा तो मुलूख अकोला जिल्ह्यात होता. बसायला घोंगडी, पोतं, फार तर बाज. वडील थोरल्या भावापासून वेगळे निघाले तेव्हा त्यांच्या वाट्याला जमीन आली, पण बैल आले नाहीत. पुढच्या काही वर्षांत त्यांनी बैलजोडी केली, विहीर खणली आणि गवताचं छप्पर काढून घरावर कवेलू चढवले. विहिरीला पाणी लागलं तेव्हा गूळ वाटला. कवेलूंच्या वेळी वाटला नाही. कवेलू आता पुष्कळांच्या घरांवर होते.

खुर्चीचं कारण आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यातलं. बहिणीला पाहायला कामरगावाहून पाहुणे आले होते. मुलाचे काका अकोल्याला कचेरीत कारकून होते. त्यांनी पाटलोण घातली होती. घोंगडीवर त्यांनी एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने बसून पाहिलं आणि शेवटी विचारलं, "खुर्ची नाही का हो?" वडील स्वतः पाटलांकडे गेले. पाटलांनी खुर्ची दिली, पण कोतवालाच्या डोक्यावर. कोतवालाने ती ओट्यावर ठेवली आणि खाली उतरून तिथेच उभा राहिला.

"जाय ना आता," वडील म्हणाले.

"पाटलांनी सांगतलं, संगच घेऊन ये."

चहा झाला, मुलगी दाखवून झाली, बोलणी सुरू झाली. कोतवाल उन्हात उभाच होता. कारकून काकांचं लक्ष तिकडे गेलं. "आटपा बुवा लवकर," ते म्हणाले, "खुर्चीवाले वाट पाहून राह्यले." सगळे हसले. वडीलही हसले. लग्न ठरलं. त्या दिवशी कोणाचं काही बिघडलं नाही. पाहुणे उठल्यावर कोतवालाने खुर्ची डोक्यावर पालथी घेतली आणि नेली.

पुढच्या हंगामाचा कापूस कारंज्याला विकल्यावर वडील तिथल्या एका मुसलमान सुताराकडे गेले. मी तेव्हा कारंज्याला शाळेत होतो, म्हणून हे मी पाहिलं आहे.

"कुर्सी साहब के लिये या घर के लिये?" सुताराने विचारलं.

"घरी पाह्यजे."

"बैठेगा कौन?"

"मी."

सुताराने त्यांना एका खोक्यावर बसवलं आणि टाचेपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत दोरी धरली. वडील बुटके होते. माप देण्यासाठी त्यांनी वहाणा काढून ठेवल्या होत्या. सुतार म्हणाला, जूता पहन के बैठेंगे ना, तर घालूनच माप द्या. "घरच्या ओट्यावर वहाना घालून कोन बसते?" असं वडिलांनी विचारलं. मग माप अनवाणी पायाचंच राहिलं. कचेरीतल्या खुर्चीपेक्षा ही चार बोटं बुटकी होईल, असं सुताराने सांगितलं. "पाँव पूरा टिकना चाहिये. लटके तो आदमी बच्चे जैसा दिखता."

पावसाळा सरल्यावर खुर्ची बैलगाडीतून आली. रस्त्यात खड्डे होते आणि ती दोरांनी बांधली होती, तरी वडील गाडीत बसले नाहीत. गाडीच्या मागून, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून चालत आले. वेशीजवळ आमचे शेजारी भेटले. तोंडाने तिखट माणूस.

"काहो, साहेब कुठी उतरला?"

"मांगून येऊन राह्यला," वडील म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी खुर्ची ओट्यावर, दाराच्या उजव्या अंगाला ठेवली. हातपाय धुतले, धुतलेलं धोतर नेसले, फेटा बांधला. ओट्यापुढे दहाबारा माणसं जमली होती. तेवढ्यात मोठेबाबा आले. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. काखेतली घोंगडी त्यांनी ओट्यावर पसरली आणि खुर्चीच्या समोरच बसले.

आमच्याकडे थोरला भुईवर बसला असेल तर धाकटा उंचावर बसत नाही. बाजेवरसुद्धा नाही. भाऊ वेगळे निघाले, चुली वेगळ्या झाल्या, तरी हे सुटत नाही.

"दादा, पयले तुमी बसा," वडील म्हणाले.

"मी कायले? मले का गिरदावर व्हायचं आहे?"

"बसून तर पाहा एक डाव."

"चार पायांवर बैल उभा राह्यते, लहान्या. मानसानं भुईवर बसावं." मग ते म्हणाले, "तू बस ना. मी काई म्हनतो का?"

वडील घोंगडीच्या कडेला टेकले. आलेल्या माणसांनी वेतावरून हात फिरवले, सागवान वाजवून पाहिलं, सुपारी खाल्ली आणि आपापल्या घरी गेली.

खुर्ची येण्याआधी मोठेबाबा आमच्याकडे अधूनमधून यायचे. त्यांची संध्याकाळ मारुतीच्या पारावर जायची. खुर्ची आल्यापासून ते रोज येऊ लागले. दिवस मावळायला आला की घोंगडी काखेत, हातात चिलीम. वडिलांशी ते चांगलंच बोलत. वावरातलं, बैलांचं, पोरींच्या सासरचं. एकदाही वाकडं बोलले नाहीत. रोज का येतात हे वडिलांनी त्यांना विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

आई एकदा म्हणाली, "ते दुपारी वावरात असतात. तवा बसा की."

"दुपारी पाह्यते कोन?" वडील म्हणाले.

पहिल्याच हिवाळ्यात गिरदावर गावात आला. गिरदावर म्हणजे पिकांची पाहणी करणारा महसुलाचा माणूस. तोवर चावडीत पाटलांचीच खुर्ची जायची. त्या दिवशी कोतवाल आमच्या दारात आला. "पाटलांच्या खुर्चीचा पाय हालून राह्यला. तुमची मांगतली."

वडिलांनी ती लगेच काढून दिली आणि कोतवालाच्या मागोमाग चावडीत गेले. कोणी खुर्ची ओढेल, कोणी तिच्यावर पाय ठेवेल, ही धास्ती होती. गिरदावर काम संपवून उठेपर्यंत ते चावडीपुढच्या निंबाखाली उभे होते. नंतर खुर्ची त्यांनी स्वतःच घरी आणली. डोक्यावर पालथी.

पुढे बरेच दिवस ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "गिरदावर माह्या खुर्चीवर बसला." शेलूबाजारच्या बाजारातही त्यांनी हे दोघाचौघांना सांगितल्याचं मला तिथल्या एका दुकानदाराकडून कळलं. माझ्या माहितीत त्यांनी स्वतःबद्दल अभिमानाने सांगितलेली ही एवढीच गोष्ट. विहिरीबद्दल ते असं कधी बोलले नाहीत.

त्यानंतर खुर्ची नेहमीच जाऊ लागली. देवी टोचणारा आला, शाळा तपासणारे डिप्टी आले, जमादार आला, की कोतवाल आमच्याकडे. पाटलांच्या खुर्चीचा पाय दुरुस्त झाल्याचं कोणी सांगितलं नाही. पाटील मात्र रोज सकाळी आपल्या ओट्यावर तिच्यावरच बसून दात घासत. वडील प्रत्येक वेळी खुर्चीमागे चावडीत जायचे आणि निंबाखाली उभे राहायचे.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी एक नवा साहेब आला. उंच माणूस. खुर्चीत बसल्यावर त्याचे गुडघे छातीशी आले. त्याने खाली वाकून खुर्चीचे पाय पाहिले आणि विचारलं, "ही खुर्ची कोणा पोरासाठी केली काय?" चावडी हसली. पाटलांनी तिथल्या तिथे गावच्या सुताराला बोलावणं धाडलं. साहेब जेवायला गेला तेवढ्या वेळात सुताराने बाभळीचे चार ठोकळे घडले आणि लांब खिळ्यांनी चारी पायांखाली ठोकले.

वडील निंबाखालीच होते. त्यांना कोणी विचारलं नाही. त्यांनीही थांब म्हटलं नाही. सुतार हत्यारं गोळा करता करता त्यांना म्हणाला, "पाहा काका, आता कशी साहेबाच्या मापाची झाली."

त्या रात्री ते जेवले, आणि जेवताना बाभळीचं लाकूड टिकतं एवढंच बोलले, असं आईने मला नंतर सांगितलं.

मोठेबाबा १९४० च्या पावसाळ्यात वारले. तेराव्या दिवशी दुखवट्याला आलेली माणसं आमच्या ओट्यावर बसली होती. खुर्ची भिंतीशी होती आणि मोठ्याबाबांच्या जागी कोणी नव्हतं. वडिलांपेक्षा थोरलं आता घराण्यात कोणी उरलं नव्हतं. शेजारी सहज म्हणाले, "आता खुर्चीले मालक भेटला." वडिलांनी ऐकलं आणि खुर्ची आत नेऊन ठेवली. ती वर्षभर आत राहिली. चावडीसाठी काय ती बाहेर पडायची.

वर्षश्राद्धाला मी अकोल्याहून गेलो होतो. पंगती उठल्या, माणसं आमच्या ओट्यावर आणि ओट्याखाली सुपारी कातरत बसली. पाटीलही आले होते. वडील आत गेले, खुर्ची घेऊन आले, दाराच्या उजव्या अंगाला ठेवली, उपरण्याने पुसली आणि बसले.

खुर्ची आल्याला आठवं वर्ष चालू होतं. पाठ टेकवून बसल्यावर त्यांचे दोन्ही पाय भुईपासून चार बोटं वर राहिले. त्यांनी ते एकदा लांब केले. मग पुढे सरकून बसून पाहिलं. तशी बोटं टेकली, पण पाठ सुटली.

मग शेजारी म्हणाले, "पाट देऊ का खाली?"

खालून कोणीतरी हसलं.

पाटील म्हणाले, "अरे, बसायचंच होतं तर वरीसभर कायले थांबला? भाऊ काय पाहाले येनार होता?"

वडील उतरले. आणखी सुपारी आणतो म्हणून आत गेले. बाहेर आले तेव्हा ताट सगळ्यांपुढून फिरवलं आणि भिंतीशी घोंगडीवर बसले. खुर्चीवर त्या दिवशी कोणीच बसलं नाही. संध्याकाळी तिच्यावर कोणीतरी आपला फेटा काढून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गावच्या सुताराकडे ठोकळे काढून मागायला गेले. "काढतो," सुतार म्हणाला, "पन पाटलांले इचारून या. साहेब आला का पुन्हा मलेच ठोका लागन." वडील पाटलांकडे गेले नाहीत. घरी येऊन त्यांनी पहारीने स्वतःच ठोकळे उचकटायला सुरुवात केली. तीन निघाले. चौथ्याचा खिळा आत वाकला होता. पहार टेकवून जोर दिला तेव्हा ठोकळ्याबरोबर खुर्चीचा पायही उभा चिरला. चीर थेट बैठकीपर्यंत गेली. मी मदतीला पुढे झालो तेव्हा ते म्हणाले, "राहू दे."

कारंज्याला नेऊन नवा पाय बसवून घ्यायचं ठरलं होतं. पण आधी निंदण होतं, मग कापूस वेचणीला आला. खुर्ची बैलांच्या कोठ्यात गेली आणि तिच्यावर सरकीचं पोतं ठेवलं गेलं. पुढच्या वेळी कोतवाल आला तेव्हा वडिलांनी मोडली म्हणून सांगितलं. कोतवालाने कोठ्यात जाऊन स्वतः पाहिलं आणि पाटलांना कळवलं. तेव्हापासून चावडीत पुन्हा पाटलांची खुर्ची जाऊ लागली.

वडील १९४४ च्या थंडीत गेले. त्यानंतर काही महिन्यांनी बोलता बोलता आई म्हणाली, की पहिल्या वर्षी, ठोकळे लागायच्या आधी, एका दुपारी ते त्या खुर्चीवर बसले होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. ती पाणी घेऊन आत आली तेव्हा ते उठले. पाय पुरे टेकले होते का, असं मी तिला विचारलं. टेकले होते, ती म्हणाली. याला दुसरा साक्षीदार नाही.

वडील गेल्याच्या तिसऱ्या दिवशी बहिणीच्या सासरची माणसं भेटायला आली होती. कारकून काका आता पेन्शनीत निघाले होते. त्यांचे गुडघे दुखत होते, त्यांना खाली बसता येईना. खुर्ची पाटलांकडून मागवली. कोतवालाने ती ओट्यावर ठेवली आणि खाली उतरून उभा राहिला. दिवस मावळायच्या आत तो ती परत घेऊन गेला.