अळणी पोपटी

पेणच्या रामवाडीत दत्तात्रेयची ओळख त्याच्या बॅगेवरून होती. काळी, चेन बिघडलेली, एका कप्प्यात पाने-पकडी आणि दुसऱ्यात दाढीचं सामान. बॅग पडवीत दिसली की शेजारी म्हणत, दत्ता आलाय वाटतं. दिसली नाही तर कुणी विचारतही नसे. कारखान्यांतले मोठे पंप दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तो नोकरीला होता. वापी, अंकलेश्वर, तारापूर, लोटे. जिथे पंप गळायला लागेल तिथे साहेबाच्या एका फोनवर निघायचं. वडील आयुष्यभर मिठागरात राबले, खाडीपलीकडे फारसे कधी गेले नाहीत. मुलगा मात्र सदा परगावी. त्याची आई मालूबाई हे शेजारणींना कौतुकाने सांगे.

घरी आला की तो पाहुणाही असे आणि गडीही. चहा चांगल्या कपातून मिळे आणि चहा संपायच्या आत साठवलेली कामं पुढे येत. आईचा गुडघा, गळका नळ, चुलत्याशी चाललेला बांधाचा वाद, कुणाच्या तरी हळदीला हजेरी. सगळं घर 'दत्ता येऊ दे' या तीन शब्दांवर टांगून ठेवलेलं होतं. बायको सगुणा तेवढी काही मागत नसे. तिला काही नकोच असेल, असं त्याने धरून टाकलं होतं.

मोबाइल नुकते घरोघरी आले होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. पौष चालू होता, वालाच्या शेंगा भरल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी घरी पोपटी लावायची, म्हणजे मडक्यात शेंगा भरून विस्तवात भाजायच्या, असं ठरलं होतं. सगुणाचा भाऊ बाबाजी येणार होता. मडकं भरायचं काम दत्ताचं. वडिलांमागे तो मान त्याच्याकडे आला होता. "शनवारी येतोच," असं सांगून तो गुरुवारी वापीला निघाला आणि पनवेलला पोचतो तोच साहेबाचा फोन आला. वापीचं काम रद्द. सोमवारपर्यंत सुट्टी.

पलीकडे रोह्याची एसटी लागली होती. वाटेत पेण होतंच. दत्ता चढला, तिकीट मात्र रोह्याचं काढलं.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. रोह्याच्या नदीपलीकडच्या अष्टमी गावात एका दुकानाच्या माडीवर लॉज होता, तिथे तो याआधीही असाच येऊन राहिला होता. दारू नाही, पत्ते नाहीत, बाई नाही. तो तिथे फक्त झोपायचा. दार लावलं की कुणी हाक मारत नसे, एवढंच त्या खोलीचं सुख. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. एखादं व्यसन असतं तर निदान लोकांना कळलं तरी असतं.

गाडी रामवाडीच्या स्टँडवर थांबली, तेव्हा त्याने तोंडावर रुमाल टाकला आणि सीटवर खाली सरकला. बाहेर ओळखीचे आवाज होते. स्टँडावरच्या शेंगदाणेवाल्याने खिडकीवर टकटक केली, तरी तो हलला नाही. आपल्याच गावात आपण चोरासारखे बसलो आहोत, हे त्याला कळत होतं. गाडी निघाली तेव्हा रुमालाखाली त्याचा चेहरा घामाने भिजला होता.

शुक्रवार त्याने झोपून काढला. शनिवारी सकाळी चहासाठी खाली उतरला आणि पुलाच्या तोंडाशी समोरूनच हाक आली.

"आरं, जावईबापू!"

सगुणाची मावशी हौसाबाई शेंगांची पाटी घेऊन बसली होती.

"हितं कवा आलास? आनी मावशीच्या दारावरनं तसाच गेलास?"

"कंपनीचं काम होतं मावशी. धाटावच्या कारखान्यात. आत्ताच सुटलोय."

"रातपाली केलीस वाटतं. डोलं बघ कसं सुजल्यात." झोपून सुजलेल्या त्या डोळ्यांकडे ती कळवळून पाहत राहिली. दत्ताने मान खाली घातली. "आज तुमच्याकडं पोपटी नाय का? सगुणा बोलली व्हती. थांब, शेंगा घेऊन जा."

तिने पिशवी गच्च भरली. पैसे पुढे केले तर हातावर चापट मारली. मग पाटीखालून रानपाल्याची हिरवी जुडी काढून वर खोचली. "भांबुर्डा पन घे. पेनला आता बांध कुठं ऱ्हायलेत? समदे प्लॉट पाडलेत मेल्यांनी."

भांबुर्ड्याचा तो उग्र हिरवा वास नाकात शिरला आणि दत्ताला वडिलांचे हात आठवले. भांबुर्ड्याशिवाय पोपटी म्हणजे नुसत्या उकडलेल्या शेंगा. पेणला जाणाऱ्या गाडीत तो पिशवी मांडीवर घेऊन बसला. पुष्कळ दिवसांनी आपण घरी काही मनापासून घेऊन जातो आहोत, असं त्याला वाटलं. त्या आनंदात एक साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. भांबुर्डा कुणी बाजारात विकत नाही. तो बांधावरून उपटून आणायचा असतो, आणि दुपारपर्यंत माना टाकतो.

दारात पाऊल ठेवताच आई आतून ओरडली, "भांबुर्डा! वास आला मला. कुठं गावला रे?"

बाबाजी पडवीत बसला होता. त्याने जुडी उचलून हुंगली, पानं बोटांनी चुरडली. "ताजा हाय की! दाजी, वापीला पन भांबुर्डा उगवाया लागला काय?"

आई हसली. दत्ताही हसायला गेला, पण ओठ हलेनात. पनवेलला घेतला म्हणावं, तर कोण विश्वास ठेवणार? तेवढ्यात सगुणा स्वयंपाकघरातून आली आणि तिने बाबाजीच्या हातातून जुडी काढून घेतली.

"मीच फोन केलेला. येताना रोह्याला मावशीकडं जाऊन या म्हनून."

"रोहा वाटेवर हाय व्हय गो ताई? मानसाला उलटं पालटं फिरवतेस!"

"फिरवते. माजा नवरा हाय."

तिने फोन केला नव्हता. हे त्या पडवीत दोघांनाच ठाऊक होतं. दत्ताने तिच्याकडे पाहिलं; ती भांबुर्ड्याची मुळं तोडत होती.

संध्याकाळी मागच्या मोकळ्या जागेत दत्ताने मडकं भरलं. तळाला भांबुर्डा, वर शेंगा, मध्ये अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा. वर पाला कोंबून तोंड बंद केलं, मडकं उपडं घातलं, भोवती पेंढा रचून पेटवला. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: तिला कधीपासून माहीत आहे? मडक्यावर पाण्याचा शिपका मारून पोपटी झाली का ते पाहिलं. मडकं उघडून शेंगा ओतल्या, तसा वास सुटला. सगळे कागद पसरून बसले.

बाबाजीने पहिली शेंग सोलली, चावली आणि थांबला.

"दाजी, मीठ?"

दत्ताने शेंगांना मीठच लावलं नव्हतं. ओवा होता, मीठ नव्हतं. आणि पोपटीत मीठ मागाहून शिरत नाही.

"मिठागरवाल्याच्या घरात अलनी पोपटी!" बाबाजी लोळायचा बाकी राहिला. "गावभर सांगनार मी!" आईलाही हसू आवरेना, पण तिने लगेच डोळ्यांना पदर लावला. "याच्या बापाच्या हातून कदी असं झालं नाय," ती हळूच म्हणाली.

सगुणा मात्र शेंगा सोलून खात राहिली. एकेक दाणा, नीट चावून.

बाबाजी गेला, आई आत जाऊन टेकली. राख विझवायला दोघंच उरली.

"मावशीचा फोन सकालीच आलेला," सगुणा म्हणाली. "जावई रातभर राबतो, डोलं सुजल्यात, जप त्याला, म्हनाली." तिने राखेवर पाणी ओतलं. "मी म्हटलं, जपते."

दत्ता काठीने राख उकरत राहिला.

"मागल्या टायमाला खिशात अष्टमीच्या हॉटेलाचा कागद व्हता. तवा वाटलं, कोन बाई असंल. लय रडले मी." तिने त्याच्याकडे पाहिलं. "बाई हाय?"

"नाय गो."

"मंग काय करता तितं?"

"झोपतो," तो म्हणाला. ऐकताना त्याचं त्यालाच ते बाईपेक्षा वाईट वाटलं.

सगुणाने उरलेलं पाणी राखेवर ओतलं. भांडेल, निदान रडेल, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"झोप लागते?"

"लागते."

"मला पन एकदा न्या," ती म्हणाली. "मला पन झोपायचं हाय."

त्याने वर पाहिलं. तिचे डोळे कधीपासून असे खोल गेले होते, ते त्याला आठवेना.

"पानी आलं गो सगुणा!" आतून आईची हाक आली. सगुणाने गुडघ्यावर हात टेकला आणि सवयीने उठायला लागली.

"बस तू," दत्ता म्हणाला, आणि घाईने मोरीकडे गेला. नळीतून पाणी धो धो पडत होतं. भिंतीला लागून पिंपं होती, हंडे होते, दोन कळशा होत्या. पिण्याचं कुठलं आणि वापरायचं कुठलं, आधी काय भरायचं, त्याला ठाऊक नव्हतं. मागे जाऊन तिला विचारायचं तोंड त्याला नव्हतं. नळी हातात धरून तो उभा राहिला, आणि पाणी त्याच्या पायांवरून वाहून जाऊ लागलं.