जहाज सकाळी, विमान रात्री

किस्से जहाजावर घडतात असं लोकांना वाटतं. अहो, जहाजावर कसले किस्से! मी तिथे चादरी धुवायचो. ढिगाने चादरी, आणि सगळ्या पांढऱ्या. आमच्याकडे किस्से साठले ते जहाजातून उतरल्यावर आणि विमानात चढायच्या आधी, त्या मधल्या तासांत. अजूनही आम्ही तिघं माकुणसारला माझ्या ओटीवर बसलो की देशोदेशीच्या बंदरांचं कुणी नाव काढत नाही. त्या तासांवरून मात्र भांडणं होतात, कारण प्रत्येकाला आपलाच किस्सा भारी वाटतो.

तिघं म्हणजे कोण, ते सांगतो. मी लॉन्ड्रीत. चिंचणीचा चंदू पाटील स्टुअर्ड, म्हणजे पाहुण्यांना जेवण वाढणारा. स्वतःला कप्तानाच्या खालोखाल समजायचा! आणि सातपाटीचा हिरामण तांडेल, किचनमध्ये मासे साफ करायला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हौशी श्रीमंतांना जगभर फिरवणारं आमचं जहाज वर्षातून एकदा मुंबईला फेरी संपवायचं आणि दुरुस्तीला जायचं. कंपनी आम्हाला त्याच रात्रीच्या विमानाने दुसऱ्या जहाजावर धाडायची. सकाळी उतरायचं, रात्री उडायचं, आणि मधे एजंटच्या हॉलमध्ये पंख्याखाली बसून राहायचं, असा नियम.

पहिल्या वर्षी हिरामणने धीर करून विचारलं, "साहेब, पालघरला घरी जाऊन आलो तर?"

म्हातारे एजंटसाहेब चष्मा काढून पुसायला लागले. म्हणाले, "रात्री एअरपोर्टवर मला तीन माणसं दिसली पाहिजेत. दिवसा मला चष्म्याशिवाय काही दिसत नाही!"

पुढच्या वर्षापासून तर बोईसरच्या रामधनी ड्रायव्हरला जीप घेऊन बोलवायचा निरोपही तेच पाठवायला लागले. असा माणूस पुन्हा भेटला नाही.

*

हिरामणची घाई आमच्यापेक्षा वेगळी होती. त्याचा बाप मासेमारीच्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य. मुलाने आपल्यामागे सुकाणू धरावं एवढीच त्याची इच्छा. मुलगा गेला परक्याच्या जहाजावर, तेही मासे पकडायला नाही, साफ करायला! निघाला त्या दिवशी बाप म्हणाला, "जा. माज्या बोटीवर तुजा पाय नाय पायजे." तेव्हापासून अबोला. आम्ही सातपाटीला दरवर्षी जायचो आणि दरवर्षी बाप गायब. कधी बोट समुद्रात, कधी स्वारी कुणाच्या तरी घरी जाळं विणायला. हिरामण धक्क्यावर उभा राहून समुद्राकडे बघायचा, रामधनी हॉर्न वाजवायचा, की निघालो.

*

एका वर्षी माझ्या घरी माकुणसारला गेलो तर दाराला कुलूप! शेजारची काकू म्हणाली, "अख्खं घर केळव्याला लग्नाला गेलंय." पळवली जीप केळव्याला. चंदूने इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म काढलाच नव्हता. पितळी बटणं, खांद्यावर पट्ट्या. गावात सगळ्यांनी बघायला नको?

मांडवाच्या दारात नवरीचा मामा तणतणत उभा होता. चंदूला बघून कडाडला, "किती उशीर? वरात निघायची वेळ झाली! बाकीचा बँड कुठाय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात चंदूने माझा पाय दाबला आणि शांतपणे म्हणाला, "येतोय मागून. आधी आमाला जेवायला वाढा!"

वाढलं हो! आईने मला पंगतीत बघितलं तेव्हा तिच्या हातातलं वरणाचं भांडंच सुटलं. मग ती माझ्या शेजारी बसून राहिली, जेवलीसुद्धा नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवत नुसती म्हणायची, "खा, खा." तेवढ्यावर माझं वर्ष निघालं.

*

हिरामणची आई पालघरच्या बाजारात मासे विकायची. आम्ही जीप थांबवली तेव्हा टोपली अर्धी भरलेली. लेकाला बघून डोळे पुसले, पण उठेना. "माल टाकून कशी येऊ? बस हतंच."

हिरामण बसला. बसला तर हात स्वस्थ राहीनात. कोयती घेतली आणि जहाजावरच्या पद्धतीने पापलेट कापायला लागला, एक काटा राहील तर शपथ! बायकांची ही गर्दी झाली. एक मास्तरीणबाई म्हणाल्या, "मावशी, हा माणूस रोज असतो का?"

"नाय वो बाय," म्हातारी टोपली सारखी करत म्हणाली, "त्याला रातच्याला इमान पकडायचा हाय. काय घ्यायचा त्ये घ्या लवकर!"

बाई इतक्या हसल्या की पिशवी विसरून निघाल्या. म्हातारीने हाका मारून परत बोलावलं.

*

चिंचणीला चंदूच्या घरी त्याच्या म्हाताऱ्या वडलांसोबत आम्ही पानावर बसलो. बायको वाढायला आली तर चंदूने तिच्या हातातून पातेलं काढून घेतलं. सवय! खांद्यावर टॉवेल, कमरेत वाकून, प्रत्येकाच्या डाव्या बाजूने, "आणखी थोडी आमटी घेणार का आपण?" वडील बघतच राहिले. जन्मात कुणी त्यांना "आपण" म्हटलं नव्हतं, निदान या पोराने तर नाहीच!

दोनदा भात घेऊन, ढेकर देऊन ते सुनेला म्हणाले, "सूनबाय, याला ठेवून घ्या. बोटीवर या खेपेला तुमी जा!"

चंदूची बायको आजही कधीकधी पिशवी भरायची धमकी देते.

*

आता रामधनीचं ऐका, नाहीतर त्या माणसाचे उपकार फेडले नाहीत असं होईल. चिंचणीहून परत येताना बोईसरला कारखान्यांच्या रस्त्यावर जीप पंक्चर. स्टेपनी काढली, तर तीही बसलेली! विमान रात्रीचं, वाट लांबची, आणि आमचे चेहरे पांढरे. तेवढ्यात शिफ्ट सुटली. रामधनीने गर्दीत हाक मारली, "अरे ओ महेंदर!" तर त्याच्या मुलखातला, त्याच्यासारखाच एक जीपवाला सायकलवरून उतरला. काय झालं ते ऐकलं आणि मुकाट्याने जाऊन स्वतःच्या जीपगाडीचं चाक खोलून घेऊन आला.

चंदू हात जोडून म्हणाला, "भैया, हम लौटेंगे तो साल भर बाद!"

"तो साल भर बाद देना," महेंदर म्हणाला. "पहिया कौन सा दूध है, जो फट जाएगा?"

रामधनीने ते दुसऱ्याच दिवशी परत केलं म्हणा. पण विमानात बसल्यावर मी त्या अनोळखी माणसासाठी मनातल्या मनात नमस्कार केला.

*

आणि ही सातपाटीची दुपार. त्या वर्षी हिरामणची आई धक्क्यावरच वाट बघत होती. म्हणाली, "येतोय तुजा बापूस. त्यो बघ!"

बोट दिसत होती, पण खाडीच्या तोंडाशी, गाळात टेकलेली. ओहोटी लागली होती. सातपाटीच्या बोटी भरतीच्या पाण्याशिवाय आत येत नाहीत, आणि भरतीला संध्याकाळ होणार. तोवर आम्हाला एअरपोर्ट गाठायचं. बाप डोळ्यांसमोर, आणि पुन्हा एक वर्ष फुकट!

हिरामणने बूट काढले, पँट वर केली आणि सरळ चिखलात उतरला. "अरे थांब!" करत मीही मागून. चंदू युनिफॉर्मकडे बघत काठावरच राहिला. मांडीपर्यंत चिखल, पुढे कमरेएवढं पाणी, मग पुन्हा चिखल. एकदा हिरामण तोंडावर पडला, उठला, परत निघाला.

बोटीपाशी पोचलो तेव्हा वर वाटे पाडणं चाललं होतं. आमच्याकडे रीत आहे, घरच्या कालवणाचे मासे बोटीवरच्या प्रत्येकाला सारखे वाटून मिळतात. तांडेलाला जेवढे, तेवढेच खलाशाला. हा वाटा बोटीवर राबणाऱ्याचाच. किनाऱ्यावरच्या पाहुण्याला मासे देतील, जावयाला देतील, पण त्याला वाटा म्हणत नाहीत.

हिरामणने खालून बोटीच्या फळीवर हात टेकला. वर चढला नाही. "बाबा," एवढंच म्हणाला.

म्हाताऱ्याने खाली बघितलं नाही. फळीवरचे माशांचे ढीग बघत राहिला. मला वाटलं, संपलं. मी हिरामणचा दंड धरला, "चल रे, उशीर होतोय."

तेवढ्यात वरून आवाज आला, "एक वाटा कमी पाडलास."

खलाशी गोंधळला. म्हणाला, "नाय तांडेल, मानसं पाच, वाटे पाच. बरोबर हाय."

म्हातारा खेकसला, "आनि त्यो खाली चिखलात उबा हाय, त्यो कोन?"