टेलरला नाक्यावर सोडून

माझ्या लेकीनं दीड महिना जपून खेळलेला गेम मी एका शनिवारी दुपारी पुसून टाकला. चुकून, पण पूर्ण.

हे एवढं साधं वाक्य त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं नाही. त्याऐवजी मी आधी लाईटवाल्यांना शिव्या घातल्या. लाईट गेलेली नव्हती, पंखा डोक्यावर गरागरा फिरत होता, तरी घातल्या. कारण माझ्या मते सगळं खापर त्यांच्यावरच फुटायला पाहिजे. तालुक्याच्या एका कचेरीत मी वीस वर्षं कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. आमच्याकडचा यूपीएस फक्त टेबलाखाली पाय ठेवायला कामाला येतो. लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून ओळ लिहिली की सेव्ह, नाव लिहिलं की सेव्ह, शिंक आली तरी आधी सेव्ह. वीस वर्षांत ते बोट माझं राहिलंच नाही. बायको म्हणते, झोपेतसुद्धा उशीवर टकटक करता.

गेम लेकीचा. बारावी झाली, परभणीला कॉलेजात नंबर लागला, सोमवारी हॉस्टेलला जायचं होतं. मामानं दिलेला कॉम्प्युटर घरीच राहणार, म्हणून तिला त्याआधी गेम संपवायचा होता. आता बंदुकीचा खेळ म्हटल्यावर मला वाटलं, असेल काहीतरी ठो-ठो. पण तिनं एकदा समोर बसवून सांगितलं. त्या गेममधल्या जगात पहिलं महायुद्ध थांबलंच नाही. चाळीस वर्षं झाली, चालूच आहे. ज्यांनी सुरू केलं ते मेले, त्यांची पोरं लढतायत, आणि कशासाठी ते कुणालाच आठवत नाही. आपण पळून निघालेला सैनिक. आपला चेहरा कधी दिसत नाही, पडद्यावर फक्त आपले दोन हात आणि हातातली बंदूक. सोबत एक लंगडा टेलर आहे. तो दोन्हीकडच्या फौजांचे गणवेश शिवतो, म्हणून दोन्हीकडचे त्याच्यावर टपलेले.

मधे एक नाका लागतो. तिथला अधिकारी टेलरकडं बोट दाखवून विचारतो, “हा तुझ्यासोबत आहे का?” तुम्ही ‘हो’ म्हणालात तर टेलर वाचतो, पण तुमच्या सगळ्या बंदुका काढून घेतात आणि पुढचा निम्मा गेम रिकाम्या हातानं, लपत-छपत काढावा लागतो. गप्प बसलात तर बंदुका तुमच्याकडं, टेलर त्यांच्याकडं.

“मग तू काय म्हणलीस?” मी विचारलं होतं.

“हो म्हणले की! काय पप्पा, टेलरकाकाला सोडू व्हय?”

तेव्हापासून ती दीड महिना त्या लंगड्या माणसाला घेऊन गोठ्यातून, गटारातून, पडक्या चर्चमधून सरकत होती. बंदुकीच्या गेममध्ये बंदुकीशिवाय. शेवटचा भाग तेवढा राहिला होता, आणि तो तिनं मुद्दाम ठेवला होता. “रविवारी आपण दोघं मिळून खेळू. चालवायचं तुमी, रस्ता मी सांगते.”

मला हे आमंत्रण फार मोठं वाटलं. गेल्या महिनाभरापासून पोरगी माझ्याशी जरा तुटक बोलत होती. जेवण झालं का, हो, जाऊ का, जा, एवढंच. घर सोडून जायचं म्हणून असेल, असं मी धरून चाललो होतो. तर रविवारी तिच्यासमोर फजिती नको म्हणून मी शनिवारी सराव करायचं ठरवलं. ती सोनपेठला मावशीला भेटायला गेली होती. कचेरीला सुट्टी. मी खुर्ची ओढली आणि नवा गेम सुरू केला.

पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. मी आयुष्यात अशा हजारो चौकटी न वाचता ‘ओके’ केल्यात, तिलाही केलं. मग दणादण सुटलो. जो दिसला त्याला गोळी. आणि दर दोन मिनिटांनी, लाईट जाईल या धास्तीनं, सेव्ह. गेममध्ये सेव्ह ठेवायला जागा एकच. म्हणजे पहिल्या दोन मिनिटांतच मी पोरीचा दीड महिना पुसला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. उलट मी खुशीत होतो. बायकोला हाक मारून दाखवलंसुद्धा, “बघ, कसा चाललाय तुझा नवरा!”

ती म्हणाली, “चाललाय खरं, पण भिंतीकडं तोंड करून.”

नाका आला. अधिकाऱ्यानं विचारलं. कोपऱ्यात सेकंद उलटे पळायला लागले. दहा, नऊ, आठ. उत्तर मला तोंडपाठ होतं. घरात दीड महिना तेच ऐकत होतो. आणि तरी मी गप्प बसलो. बंदुका जातील, पुढं कसं जायचं, असं काहीतरी डोक्यात आलं असेल. टेलरला ओढत नेलं, मी पुढं गेलो. बोटानं सेव्ह केलं.

चारच्या सुमारास गेम बंद केला आणि तिचा जुना उघडायला गेलो. तो नव्हताच. तेव्हा कुठं त्या चौकटीत काय लिहिलं होतं ते कळलं.

मग जो संताप आला! लाईटवाल्यांचं सांगितलंच. त्यानंतर गेम बनवणाऱ्यांना घेतलं. चाळीस वर्षांचं युद्ध रचता येतं, आभाळात लोखंडी फुगे उडवता येतात, आणि सेव्हला दुसरी जागा ठेवता येत नाही? अरे, आमच्या सडक्या कचेरीत सुद्धा एका फाईलच्या तीन प्रती असतात, तिन्ही चुकीच्या का असेना! मग खुर्चीला लाथ घातली, आणि अंगठा सुजला.

ती सातच्या गाडीनं येणार होती. तेवढ्यात सगळं पुन्हा खेळून टेलरला जागेवर आणून ठेवतो म्हणालो. माझी ही दुसरी मूर्खपणाची गोष्ट, पण तिला आपण तूर्त चूक म्हणू नये, कारण हेतू चांगला होता. नाक्यापाशी घसा फाडून “हो” म्हणालो, तिथं नुसतं बटण दाबायचं असतं तरी. बंदुका गेल्या. पुढं बिटाचं शेत, पलीकडं मनोऱ्यावरचा दिवा. त्या शेतात मी किती वेळा मेलो याचा हिशोब नाही. शेतकऱ्याच्या पोटचा माणूस, आणि मला पिकात लपता येईना! बीट घोट्याएवढं. ऊस असता तर दाखवलं असतं.

“अहो, खेळायलाय का रडायलाय?” बायको स्वयंपाकघरातून.

“तू गप बस!”

“मी गपच हाय. आवाज तुमचाच चाललाय मघापासून.”

सातला लेक आली. पिशवी ठेवली, माझं तोंड बघितलं, पडदा बघितला. मी बिटाच्या शेतात पालथा पडलेलो.

“पप्पा, हे काय?”

आता सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “लाईट गेली होती.”

ती खाली बसली. तिनं गेमच्या आत जाऊन जुन्या नोंदी काढल्या. या पोरांना ते कुठं असतं ते कळतं. दुपारचा माझा सगळा पराक्रम तिथं ओळीनं लिहिलेला: इतके मारले, इतक्या बंदुका जवळ, सोबती कुणी नाही. ती ते वाचत राहिली. मी वाट बघत होतो की आता सेव्ह पुसला म्हणून ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“नाक्याच्या पुढं बंदुका हायत तुमच्याकडं,” ती म्हणाली. “म्हंजे तुमी गप बसलात.”

“अगं, वेळ लय कमी होता. दहा सेकंद.”

“मला पण दहाच होते.”

“गेम हाय तो!” मी ओरडलो. शेजारचं कुत्रं भुंकलं एवढ्यानं. “खोटी लढाई, खोटा टेलर! कुणी मेलं न्हाई!”

“ती राणीसावरगावची आजी पण मेली न्हाई पप्पा.”

बायकोच्या हातातलं लाटणं थांबलं.

महिन्यापूर्वी लेक डबा घेऊन कचेरीत आली होती. त्याच वेळी राणीसावरगावची एक म्हातारी, निराधारांचं अनुदान बंद झालं म्हणून, साहेबांच्या टेबलापुढं उभी होती. मी तिला ओळखतो. बाजारच्या दिवशी तांदुळजा, घोळ अशा पालेभाज्या घेऊन आमच्या दारावर येते, लेक लहान होती तेव्हा तिच्या ओंजळीत शेंगा टाकायची. आमच्या कॉम्प्युटरमध्ये ती मेलेली होती. साहेब ओरडत होते, “बाई, यादीत तुमी वारलेल्या हाव, मी काय करू?” आणि ती म्हणत होती, “आरं, मी हितं हुबी हाय की.” मग साहेबांनी सगळ्या टेबलांवर नजर फिरवली. “हिला ओळखतं का इथं कुणी?”

मी टाईप करत राहिलो. म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, आणि तरी मी टाईप करत राहिलो. दारात लेक डबा धरून उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं, पण महिनाभर त्याबद्दल बोलली नव्हती. तुटकपणाचं कारण मला आत्ता कळत होतं.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, आधी तिचाच आला. कचेरी म्हणजे काय हे तुला माहीत नाही, ओळखतो म्हटलं की लेखी द्यावं लागतं, सही लागते, चौकशी मागं लागते, घर कोण चालवतं? हे सगळं मी मोठ्यानं बोललो. ती ऐकत होती. बोलता बोलता माझं बोलणंच संपलं, आणि जे उरलं ते सांगावं लागलं. ती यादी मीच टाईप केली होती. त्या म्हातारीच्या खालच्या ओळीवर तिच्याच नावाची दुसरी बाई होती, ती वारली होती. ‘मयत’ हा शेरा माझ्या हातून एक ओळ वर पडला. सेव्ह. साहेबांनी विचारलं तेव्हा मी ओळखत नव्हतो असं नाही. मी ओळखत होतो, आणि तिला कुणी मारलं तेही ओळखत होतो.

बायको म्हणाली, “अरे देवा.” मग तवा उतरवून ठेवला.

लेकीनं गेम बंद केला, वायर काढली. “उद्या मी खेळणार न्हाई,” ती म्हणाली. “सकाळी राणीसावरगावची बस हाय. तुमी येणार का मी एकलीच जाऊ?”

सकाळी आम्ही बसमध्ये शेजारी बसलो. तिचा राग ताजा होता. माझाही होता, फक्त तो आता फुटायला दुसऱ्या कुणाचं डोकं शोधत नव्हता. खिशात मी रात्रीच लिहिलेला कागद होता: सदर महिला हयात असून मी तिला व्यक्तिशः ओळखतो, यादीतली नोंद माझ्या हातून चुकीची झाली आहे. खाली माझं नाव, हुद्दा, सही. सोमवारी हा कागद साहेबांपुढं ठेवला की माझं काय होणार हे मला पक्कं माहीत नव्हतं. चांगलं काही नाही एवढं माहीत होतं.

म्हातारी पत्र्याच्या खोलीपुढं शेळीला पाला टाकत होती. लेकीला बघून हसली, मला बघून हसली नाही. मी उभ्या उभ्याच कागद वाचून दाखवला. मग कचेरीतल्या भाषेतलं तिला काय कळणार म्हणून साध्या भाषेत सांगितलं, की आजी, यादीत तुमाला मीच मारलं, चुकून, आणि त्या दिवशी मला माहीत असून मी बोललो न्हाई. उद्या तुमी कचेरीत या, मी साहेबांपुढं सांगतो.

तिनं हातातला पाला शेळीपुढं टाकला, लुगड्याला हात पुसले. माझ्याकडं नीट बघितलं, पायापासून वरपर्यंत.

“मला मारताना लय चपळ व्हतास की रं,” ती म्हणाली. “सांगायलाच तेवढा महिना लागला व्हय?”