तुरटीचं पाणी

न्हावीदादांच्या तोंडाचा पट्टा कात्रीपेक्षा जोरात चालायचा, आणि फिरून फिरून यायचा तो दुकानामागच्या वाफ्यातल्या हायड्रेंजियावर. गुच्छ कसे निळेशार! गिऱ्हाइकाला आधी मागच्या दारातून फुलं दाखवायची, मगच साबण लावायचा, असा शिरस्ताच होता. फुलं निळी कशी होतात ते मात्र गुपित. दाढीनंतर गालांवर फिरवायची तुरटी ज्या वाटीत भिजायची तिचं पाणी, वर मूठभर कुटलेली तुरटी, सगळं गुपचूप त्या वाफ्यात जायचं.

त्याच वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला बायकोचा घेवडा. तो मेला काही केल्या वीतभराच्या वर जाईना. तिनं बी बदललं, खत घातलं, पाणी कमी करून पाहिलं, वाढवून पाहिलं. शेजारणी भल्या, असतो एकेकीचा हात, एकेकीचा नसतो, म्हणायच्या. शेवटी तिनं सगळी रोपं उपटून दुकानाच्या मागच्या दाराशी टाकली.

"माझ्या हाताला यशच नाही," ती म्हणाली. "हा वाफा आता सगळा तुमच्या फुलांना घ्या."

दादा असे हरखले की शीळ घालत वस्तरा चालवू लागले. खुर्चीत होते माती तपासणीच्या प्रयोगशाळेतले साहेब. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून त्यांनी वाकून एक रोप उचललं. मुळं आखूड, जाडसर, टोकं तपकिरी, बारीक तंतू जवळजवळ नाहीतच. या मातीत घालता तरी काय, त्यांनी विचारलं. दादांनी फुशारकीच्या भरात गुपित सांगून टाकलं.

साहेब हसायलाच लागले. तुरटीत ॲल्युमिनियम असतं, म्हणाले, आणि तुरटीनं माती आंबट झाली की मातीतलंही विरघळून बाहेर येतं. हायड्रेंजिया ते पचवतो, त्यानंच निळा होतो. घेवड्याच्या मुळाचं मात्र ते टोकच धरतं. टोक वाढायचं थांबलं की मूळ खोल जात नाही, मग वरून घागरी ओतल्या तरी रोप तहानलेलंच.

दुपारी दादा जेवायला बसले आणि भात नुसता चिवडत राहिले. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? वाफाही आयता मिळत होता. पण समोर ती जेवत होती, नखांत अजून माती. त्यांनी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं आणि भांडी आपटण्याची वाट बघत बसले.

ती कितीतरी वेळ आपल्या तळव्यांकडे बघत राहिली.

"म्हणजे माझा हात चांगला आहे."

रागवायचं राहूनच गेलं बाईचं. ताट तसंच टाकून ती शेजारणींना सांगायला धावली, आणि संध्याकाळपर्यंत दादांच्या तुरटीचा गल्लीभर बोभाटा झाला.

दादांनी तुरटी बंद केली आणि मातीचा आंबटपणा मारायला वाफ्यात चुना कालवला. पुढच्या मोसमात फुलं आली ती गुलाबी. गिऱ्हाइकांनी चिडवून चिडवून जीव नकोसा केला. बायकोनं पुन्हा लावलेला घेवडा मात्र भिंत ओलांडून छपरावर चढला. शिरस्ता अजूनही तोच आहे, फक्त साबण लावण्याआधी आता शेंगा दाखवतात, आणि गिऱ्हाइकानं कौतुक केलं की दादा म्हणतात, "बायकोनं लावलाय. हात आहे तिचा."